नातीचा खेळ, शंभरपैकी किती?

माझी नात पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. या दिवाळीत ती चंद्रपूरला आली ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, पिशवीभर रंगीत फासे आणि पुठ्ठ्याचा एक घडीचा पडदा घेऊन. लक्ष्मीपूजन झालं, फराळाची ताटं उचलली आणि तिनं जाहीर केलं, "आजी, उद्या रात्री तू पण खेळायचं आहेस."

मी म्हटलं, "पत्ते असतील तर बसते."

"पत्ते नाहीत. नाटक आहे, पण पाठ करायचं नाही."

चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला "पाठ करायचं नाही" म्हटलं की तिचे कान टवकारतात. बसले. एक रात्र म्हणता म्हणता तीन रात्री खेळलो. चौथ्या दिवशी नात म्हणाली, आता मार्क दे. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, हाही तपासते. हा लेख म्हणजे तो तपासलेला पेपर आहे असं समजा.

आधी खेळ काय ते सांगते, कारण माझ्या वयाच्या वाचकांना तो ठाऊक असण्याचं कारण नाही. खेळाचं नाव 'सायबरपंक रेड'. अमेरिकेतल्या माइक पाँडस्मिथ या गृहस्थांनी १९८८ साली 'सायबरपंक' नावाचा खेळ काढला, १९९० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि ही 'रेड' आवृत्ती २०२० च्या नोव्हेंबरातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात याच जगावरचा एक व्हिडिओ गेमही आला, मुलं बहुतेक त्यावरून या पुस्तकाकडे येतात. पण हा खेळ पडद्यावरचा नाही. चार-पाच माणसं टेबलाभोवती (आमच्याकडे सतरंजीवर) बसतात. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, "तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोरून हे आले, काय करता?" आणि प्रत्येकानं आपल्या पात्राच्या वतीनं उत्तर द्यायचं. जमेल की नाही याची शंका असेल तिथं फासा टाकायचा. बस्स.

जग कोणतं? सन २०४५. मोठमोठ्या कंपन्यांची आपापसात युद्धं झालेली, शहराच्या मध्यावर अणुबॉम्ब फुटून गेलेला, सरकार नावापुरतं. माणसं शरीरात यंत्रं बसवून घेतात. हात काढून लोखंडी हात, डोळा काढून कॅमेऱ्याचा डोळा. या सगळ्या प्रकाराला सायबरपंक म्हणतात: तंत्र फार पुढे गेलेलं आणि जगणं फार मागं पडलेलं. आमची पिढी नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढली, तिथं विज्ञानाबरोबर माणूसही थोडा शहाणा होईल अशी आशा असायची. इथं ती नाही.

नातीनं पहिल्याच रात्री एक चांगलं काम केलं. पुस्तकातलं अमेरिकेतलं शहर तिनं गुंडाळून ठेवलं आणि म्हणाली, "आपण २०४५ चं चंद्रपूर घेऊ." मला वाटलं फार काही बदलावं लागेल. लागलं नाही. २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी आहेत, मातीचे डोंगर आहेत. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसच्या पुढे जातो. शहराभोवती गोंड राजांचा परकोट अजून उभा आहे आणि थोड्याच अंतरावर ताडोबाचा वाघ. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तीत आपण होतोच. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण इतकं आटलं की वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. नातीनं तेवढंच उचललं: २०४५ साली इरईचं पाणी एका कंपनीच्या मालकीचं आहे आणि परकोटाच्या आत पाणी कार्ड दाखवून मिळतं. तिनं हे सांगितलं तेव्हा आमच्यापैकी कुणालाही ती विज्ञानकथा वाटली नाही.

आता पेपर.

प्रश्न पहिला, नियम. गुण तीस.

मूळ नियम चौथीच्या मुलाला समजेल असा आहे. पात्राचा अंगचा गुण, अधिक शिकलेलं कौशल्य, अधिक दहा बाजूंचा एक फासा. बेरीज सूत्रधारानं ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली की जमलं. दहा पडला तर पुन्हा टाका आणि मिळवा. एक पडला तर पुन्हा टाका आणि वजा करा. मला हे आवडलं. आपल्या मोक्षपटात, म्हणजे सापशिडीत, सगळं फाशावर असतं. माणसानं फक्त टाकायचं आणि भोगायचं. इथं फासा आहे पण तो एकटा नाही. तुमची कुवत आहे, तुमचा अभ्यास आहे, आणि मग दैव. शिवाय नशिबाचे थोडे गुण आधीच हातात दिलेले असतात, ते फासा टाकण्याआधी लावायचे, नंतर नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे माणुसकीचा हिशोब. अंगात एकेक यंत्र बसवाल तशी माणुसकीच्या खात्यातून वजावट होते, आणि त्याबरोबर सहानुभूती हा गुण कमी होत जातो. खातं रिकामं झालं की पात्र तुमच्या हातून जातं, सूत्रधाराच्या ताब्यात. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला आहे, म्हणून मी नातीला विचारलं, माझे किती कापले? ती पुस्तक बघून म्हणाली, "उपचार म्हणून बसवलेल्याला कापत नाहीत आजी. गरज नसताना जास्त ताकदीसाठी बसवलं तरच." खेळ लिहिणाऱ्यानं हा विचार केला आहे. हौस आणि गरज यांतला फरक पुष्कळ मोठ्या माणसांना कळत नाही.

मग गुण का कापते? कारण मारामारी आली की हा सोपा खेळ एकदम तलाठ्याचं दप्तर होतो. कोणती बंदूक, किती अंतर, चिलखत किती झिजलं, प्रत्येकाचं कोष्टक वेगळं. दुसऱ्या रात्री जटपुरा गेटवर तीन गुंडांशी झालेली झटापट गोष्टीत अर्ध्या मिनिटाची होती, आम्हाला पाऊण तास लागला. नातवाला मध्येच झोप लागली. साडेचारशेहून अधिक पानांच्या पुस्तकात नियम विखुरलेले आहेत. एक इथं, त्याचा अपवाद दीडशे पानं पुढे. संगणकाच्या जाळ्यात शिरणाऱ्या पात्राचे नियम मात्र सुधारले आहेत म्हणे. जुन्या आवृत्तीत तो एकटा सूत्रधाराशी खेळत बसायचा आणि बाकीचे चहा करायला उठायचे. आता त्याला सगळ्यांबरोबर त्या जागी जावंच लागतं. तीसपैकी सोळा.

प्रश्न दुसरा, सूत्रधाराची साधनं. गुण चाळीस. हा प्रश्न मी सगळ्यात बारकाईनं तपासला, कारण हे माझं क्षेत्र. वर्गात उभं राहणाऱ्यानं आणि सूत्रधारानं करायचं काम पुष्कळसं एकच आहे.

पडदा आधी. सूत्रधार आपल्यापुढे घडीचा पडदा उभा करतो. खेळाडूंच्या बाजूला चित्र, त्याच्या बाजूला कोष्टकं. त्यातलं एक कोष्टक बघून मी हसले. सोप्या कामाला ९, रोजच्या कामाला १३, अवघडला १५, मुरलेल्या माणसाच्या कामाला १७, पराक्रमाला २१, आणि असं चढत चढत २९ पर्यंत. ही तर प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी! आम्ही हेच करायचो, फक्त आमच्याकडे ते गोपनीय असायचं.

दुसरं साधन म्हणजे कथेचा आराखडा. पुस्तक सूत्रधाराला सांगतं, गोष्टीचे पाच प्रकारचे टप्पे धर: सुरुवातीचा गळ, पुढचे प्रसंग, श्वास अडकवणारे क्षण, कळस आणि उलगडा. बी.एड.ला आम्ही हर्बार्टची पंचपदी घोकली होती: पूर्वतयारी, प्रस्तुतीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. त्या पाच रकान्यांत पाठटाचण लिहून काढताना वह्याच्या वह्या भरल्या. फरक एकच. आमच्या टाचणात विद्यार्थी काय उत्तर देणार तेही आम्हीच लिहायचो. 'अपेक्षित उत्तर' असा रकानाच होता. नातीच्या वहीत तो रकाना नव्हता.

तिसरं, बातमीपत्रं. एका पानाची बातमी खेळाडूंच्या हातात द्यायची, आणि त्या बातमीमागं खरं काय घडलंय ते सूत्रधारासाठी वेगळं. वाचा, शंका घ्या, चौकशीला निघा. नववीच्या वर्गात वर्तमानपत्र कसं वाचावं हे शिकवायला याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. चौथं, वाटेत कोण भेटेल याची कोष्टकं आणि तयार गुंड, पहारेकरी, शिपाई. खेळाडू अचानक भलत्याच गल्लीत शिरले तर सूत्रधाराची फजिती होऊ नये म्हणून.

आणि पात्र घडवतानाची प्रश्नावली. तुझ्या घरचं काय झालं? तुझा शत्रू कोण, आणि कशावरून? तू कुणावर विश्वास ठेवतोस? फासे टाकून उत्तरं काढायची आणि त्यांची गोष्ट जुळवायची. माझं पात्र पत्रकार झालं. पत्रकाराची खास ताकद या खेळात कोणती, तर विश्वासार्हता. तुम्ही छापलेलं लोकांना पटतं की नाही याचा फासा पडतो, आणि हाती पुरावे असतील तर पटण्याची शक्यता वाढते. बंदुकीपेक्षा हे बरं, असं मला तेव्हा वाटलं.

आता तिसऱ्या रात्रीचं सांगते, म्हणजे या साधनांना मी किती गुण दिले आणि का, ते कळेल.

कथा अशी चालली होती की एका दलालानं आम्हाला पाण्याचा टँकर पळवायचं काम दिलं होतं. पळवायचा, विकायचा, पैसे वाटून घ्यायचे. या खेळात साधारण हेच करायचं असतं. पण माझ्या पत्रकार बाईला धरणातल्या पाण्याचा खरा हिशोब सापडला होता. कंपनी सांगते त्याहून पाणी पुष्कळ होतं. मी म्हटलं, "मी टँकर पळवत नाही. मी अंचलेश्वर गेटवर सभा घेते. लोकांना कागद दाखवते."

सगळे गप्प. नातीनं पडद्यामागं पाहिलं, पुस्तक चाळलं. गोळीबाराला कोष्टक होतं, विषाला होतं, पाठलागाला होतं. सभेला नव्हतं.

मला वाटलं, आता ही म्हणणार, आजी, असं नाही करता येत. मी तिच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

ती म्हणाली, "लोक घाबरलेले आहेत. म्हणून एकवीस. पराक्रम." माझे गुण आणि कौशल्य मिळून बारा, नशिबाचे तीन लावले, पंधरा. सात किंवा वर पडायला हवा होता. पडला एक. पुन्हा टाकला, सहा. वजा. बेरीज दहा.

"सभेला तीन माणसं आली," नात म्हणाली. "एक म्हातारा, एक चहावाला आणि एक शाळेतली मुलगी. तिनं विचारलं, बाई, हा कागद मला वाचता येत नाही, काय लिहिलंय? काय करतेस आजी?"

मी खरंच क्षणभर काही बोलू शकले नाही. कारण मला एक दुसरी संध्याकाळ आठवली.

साल १९८६ असावं. सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात मी होते. स्नेहसंमेलनात दारूबंदीवर नाटक बसवलं, मीच लिहिलेलं. आठवीतला एक मुलगा दारू विकणारा झाला होता. शेवटच्या प्रवेशात त्यानं पश्चात्ताप करून बाटल्या फोडायच्या होत्या. आसपासच्या गावात दिवाळीनंतर दंडार व्हायची, तिथं तो मुलगा नाचायचा. दंडारीत गाणी तोंडपाठ असतात, पण मधलं बोलणं समोर कोण बसलंय ते बघून वाढतं नि बदलतं. तो त्या सवयीचा. बाटली उचलली, गावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "फोडतो जी. पर उद्या माहे लेकरं का खातीन, ते बी सांगा." आधी हशा झाला, मग सगळं मैदान गप्प झालं. त्याचा बाप तोच धंदा करायचा, हे गावाला ठाऊक होतं, मला नव्हतं.

मी विंगेत संहिता घेऊन उभी. मोठ्यानं प्रॉम्प्ट केलं, "फोड!" त्यानं फोडली. नाटक ठरल्याप्रमाणे संपलं, पाहुण्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळ्या वर्गासमोर बोलले, माझं वाक्य खाल्लंस म्हणून. पुढच्या वर्षी तो नाटकात नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेतही नव्हता. माझ्यामुळे नसेलही. पण त्यानं विचारलेला प्रश्न त्या नाटकातला एकमेव खरा प्रश्न होता, आणि तो मी संहितेखाली दाबला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. त्या सगळ्या वर्षांत जितक्या चर्चा ऐकल्या, त्यांत त्या मुलाचा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात होताच. आणि दर वेळी मला ती बाटली फुटल्याचा आवाज आला.

झाडीपट्टीच्या नाटकाला प्रॉम्प्टर लागतो. वडसा भागातल्या मंडळ्या एका हंगामात गावोगावी रात्र-रात्र नाटकं करतात, बाहेरगावचे नट येतात, प्रॉम्प्टर नसेल तर चालायचं नाही. त्या रंगभूमीवर उभं आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. प्रॉम्प्टरला मी नावं ठेवत नाही. पण वर्गात प्रॉम्प्टर होऊन चालत नाही, हे मला निवृत्तीनंतर कळलं, आणि कळवलं कुणी, तर वीस वर्षांच्या मुलीनं, एका पुठ्ठ्याच्या पडद्यामागून. तिची तयारी माझ्या टाचणापेक्षा कमी नव्हती. पण ती तयारी तिनं मला अडवायला वापरली नाही. आकडा कडक लावला, माझी सभा फसू दिली, आणि फसल्यावरही मला विचारलं, आता काय करतेस?

चाळीसपैकी चौतीस. सहा का कापले? सभेला कोष्टक नाही म्हणून.

आणि तिथूनच प्रश्न तिसरा, आशय. गुण तीस.

या खेळात दहा तऱ्हेची पात्रं आहेत: गायक, लढवय्या, जाळ्यात शिरणारा, कारागीर, वैद्य, पत्रकार, कंपनीचा अधिकारी, पोलीस, दलाल, भटक्या. सरपंच नाही. शिक्षक नाही. प्रत्येकाकडे आपापली ताकद, आणि सगळे मिळून एक टोळी. टोळी म्हणजे गाव नव्हे. कंपनी बलाढ्य आहे हे खेळ फार छान दाखवतो, पण तिच्यापुढे माणसानं काय करावं, तर चोरावं, मारावं किंवा मरताना रुबाबात मरावं. मुलं म्हणतात, आजी, तो प्रकारच तसा असतो, अंधारा. असेल. पण अंधार दाखवणं वेगळं आणि दिवा लागतच नाही असं गृहीत धरणं वेगळं.

कारण आमच्याच भागात दिवा लागल्याचं मी पाहिलं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे लहानसं गोंड गाव. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वांच्या संमतीनं होतात. एकाचं जरी पटलं नाही तरी बोलत राहायचं. आणि निर्णयाआधी अभ्यासगटात बसून कायदा समजून घ्यायचा. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मग बांबू आमचा की वनखात्याचा हा वाद, आणि २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. कुणी टँकर पळवला नाही. कागद वाचले. ज्याला वाचता येत नव्हते त्याला वाचून दाखवले.

यातून सगळं ठीक झालं असं मी म्हणत नाही. गडचिरोलीत खाणी येताहेत, रस्त्यावर लोखंडाची लाल धूळ आहे, त्यात कुणाला नोकरी मिळाली आणि कुणाचं जंगल गेलं, दोन्ही खरं आहे. पण २०४५ ची गोष्ट सांगायची तर त्यात ग्रामसभाही असायला हवी. हरणारी असली तरी चालेल. आशयाला तीसपैकी पंधरा.

बेरीज पासष्ट. पहिला वर्ग, विशेष प्रावीण्य नाही. नातीनं पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायची धमकी दिली आहे.

मुलांच्या हाती हा खेळ द्यावा का, असं शेजारच्या बाईंनी विचारलं. मारामारी फार आहे, लहानांना नको. पण कॉलेजातल्या मुलांना जरूर द्या, आणि शक्य असेल तर तुम्हीही बसा. मोबाइल बाजूला ठेवून पाच माणसं चार तास एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत हे मी किती वर्षांनी पाहिलं! शिक्षकांनी तर एकदा तरी सूत्रधाराच्या जागी बसून पाहावं, आणि 'अपेक्षित उत्तर' हा रकाना कोरा ठेवावा.

सभेचं काय झालं ते राहिलंच. मी त्या मुलीला कागद वाचून दाखवला. सगळा, पहिल्या ओळीपासून. नातीनं फासा टाकायला लावला नाही. खेळ तिथंच थांबवला, कारण बारा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. जाताना पडदा आणि फासे माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, उन्हाळ्यात येईन तेव्हा सूत्रधार तू.

सभेचं कोष्टक करायला घेतलं आहे. किती माणसं येतील, कोण घाबरेल, कोण उठून जाईल. पहिला रकाना मात्र ठरला आहे: कोण काय विचारेल, ते आधी लिहायचं नाही.